पोस्टग्रेस : क्वेरीचे प्रश्न टेबलाच्या रचनेत सोडवणारा डेटाबेस

रिलेशनल डेटाबेसचे परीक्षण बहुधा वेगाच्या आकड्यांवरच आटोपते: सेकंदाला किती व्यवहार झाले, मेमरी किती लागली, किती जणांना एकाच वेळी लिहिता आले. रोज क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लिहिणाऱ्या आणि टेबलांची रचना करणाऱ्या माणसाच्या हाती त्या आकड्यांतून फारसे काही लागत नाही, कारण त्याच्यासमोरचे प्रश्न वेगळे असतात. बेरीज फुगून का येते आहे? कालपर्यंत चटकन चालणारी क्वेरी आज का अडकली? एकाच खोलीचे आरक्षण एकाच वेळेसाठी दोघांना कसे मिळाले? पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजे सगळे ज्याला नुसते पोस्टग्रेस म्हणतात तो मुक्त-स्रोत डेटाबेस, मी अनेक वर्षे अशाच प्रश्नांसाठी वापरत आले आहे आणि हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे. माझे मत आधीच सांगते. क्वेरीचे म्हणून समोर येणारे बरेचसे प्रश्न मुळात रचनेचे असतात, आणि ते रचनेतच मिटवण्याची जेवढी सोय पोस्टग्रेसमध्ये आहे तेवढी मला इतरत्र मिळालेली नाही.

या सोयीचे मूळ त्याच्या इतिहासात आहे, म्हणून त्याविषयी थोडे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवण्याची कल्पना, मांडले, आणि मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कली येथील विद्यापीठात पोस्टग्रेसचे काम हाती घेतले. तेव्हा त्याला एस्क्यूएल ही डेटाबेसची प्रमाण क्वेरी भाषा येत नव्हती. त्याची स्वतःची वेगळी क्वेरी भाषा होती. एस्क्यूएल त्यात १९९४ मध्ये आले आणि आजचे नाव १९९६ मध्ये पडले. मात्र सुरुवातीपासूनच त्याचा रोख एका गोष्टीवर होता: वापरणाऱ्याला नवे डेटा प्रकार, त्यांच्यावरच्या नव्या क्रिया आणि त्या क्रियांना उपयोगी पडणारे इंडेक्स (ओळी चटकन शोधून देणाऱ्या सूची) जोडता आले पाहिजेत. हे वाचताना कोरडे वाटते, पण खोलीच्या आरक्षणाचा प्रश्न याच पायावर सुटतो.

तो प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे. आरक्षणाच्या टेबलात खोलीचा क्रमांक, सुरुवातीची वेळ आणि शेवटची वेळ असे तीन कॉलम असतात. नवे आरक्षण लिहिण्याआधी प्रोग्राम एक क्वेरी चालवतो आणि त्याच खोलीचे, वेळेवर वेळ चढणारे दुसरे आरक्षण आहे का ते पाहतो. नसेल तर ओळ लिहितो. एकट्याने तपासून पाहिले तर हे अचूक चालते. पण दोन जण एकाच क्षणी आले की दोघांचीही तपासणीची क्वेरी रिकामी परत येते, कारण एकाने लिहिलेली ओळ कमिट (पक्की) होईपर्यंत दुसऱ्याला दिसत नाही, आणि मग दोघेही निर्धास्तपणे आपापली ओळ लिहून मोकळे होतात. तपासणीची क्वेरी कितीही सुधारली तरी हा दोष जात नाही, कारण तो क्वेरीत नाहीच. दोन आरक्षणे एकमेकांवर चढू नयेत हा नियम टेबलाला ठाऊकच नाही, ही खरी उणीव आहे.

नेहमीचे युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एकच किंमत दोनदा येऊ न देणारा टेबलावरचा नियम, येथे कामाचे नाही, कारण ते फक्त समान किमती ओळखते. दहा ते बारा आणि अकरा ते एक या वेळा समान नाहीत, तरी एकमेकींवर चढतात. पोस्टग्रेसमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीत एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आले आणि २०१२ च्या ९.२ आवृत्तीत सुरुवात आणि शेवट एकत्र साठवणारे रेंज प्रकार आले. या दोन्हींच्या जोडीने तो नियम थेट टेबलावर लिहिता येतो: खोली समान असेल आणि कालावधी एकमेकांवर चढत असतील, तर अशा दोन ओळी टेबलात एकत्र राहू शकत नाहीत. त्यासाठी बी-ट्री-जिस्ट हे एक्स्टेंशन (जोड-भाग) चालू करावे लागते, कारण खोलीच्या क्रमांकाची साधी समानता आणि कालावधीचे चढणे या दोन्ही गोष्टी एकाच जिस्ट प्रकारच्या इंडेक्समध्ये बसवायच्या असतात. आता दोघे एकदम आले तर दुसऱ्याचा व्यवहार (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्रियांचा गट) पहिल्याचा निकाल लागेपर्यंत थांबतो. पहिल्याने कमिट केले तर दुसऱ्याला चूक मिळते, आणि पहिल्याने माघार घेतली तर दुसऱ्याचे आरक्षण पक्के होते. प्रोग्राममधली तपासणी काढून टाकली तरी चालते.

येथेही काही खाचखळगे आहेत आणि ते माहीत असलेले बरे. कालावधीची सुरुवात धरायची व शेवट सोडायचा, अशा अर्धउघड्या स्वरूपात तो ठेवला की अकराला संपणारे आणि अकराला सुरू होणारे आरक्षण एकमेकांना आडवे येत नाही. पोस्टग्रेसचे रेंज बनवणारे फंक्शन काही न सांगता हेच स्वरूप देते. पण सुरुवात आणि शेवट एकच दिले तर तयार होणारी रेंज रिकामी असते, रिकामी रेंज कशावरच चढत नाही, आणि अशी ओळ कन्स्ट्रेंटच्या नजरेतून सुटते. खोलीच्या कॉलममध्ये नल (किंमतच नसणे) असेल तरीही तेच होते. म्हणून दोन्ही कॉलमांना नॉट नल लावणे आणि रेंज रिकामी नाही हे पाहणारे चेक कन्स्ट्रेंट घालणे, ही या रचनेची अविभाज्य अंगे समजावीत. रद्द झालेली आरक्षणे वगळायची असतील तर कन्स्ट्रेंटला अट जोडता येते, त्यामुळे जुन्या ओळी पुसून टाकण्याची वेळ येत नाही. एवढे सगळे मिळून पाच-सहा ओळींची व्याख्या होते, आणि तिच्यामुळे किती ठिकाणची तपासणी वाचते हे ज्याने असा प्रश्न एकदा तरी निस्तरला आहे त्याला सांगावे लागत नाही.

दुसरा प्रश्न फुगलेल्या बेरजेचा. तो कोणत्याही रिलेशनल डेटाबेसमध्ये उद्भवतो आणि शिकणाऱ्यांइतकाच अनुभवी माणसांनाही चकवतो. एका ऑर्डरला तीन वस्तूंच्या ओळी आहेत आणि तिचे पैसे दोन हप्त्यांत आले आहेत. ऑर्डर, वस्तू आणि हप्ते ही तिन्ही टेबले एकाच क्वेरीत जोडली की त्या ऑर्डरच्या सहा ओळी होतात. मग हप्त्यांची बेरीज तिप्पट येते आणि वस्तूंची दुप्पट. घाईत असलेला माणूस बेरजेच्या आत डिस्टिंक्ट (सारख्या किमती एकदाच धरणारा शब्द) घालतो आणि समोरच्या ऑर्डरपुरता आकडा बरोबर येतो. पुढे एखाद्या ऑर्डरचे दोन्ही हप्ते ५०० चेच असतात, डिस्टिंक्ट त्यांना एकच समजते, आणि बेरीज या वेळी कमी येते. डिस्टिंक्टने जॉइनची (टेबले जोडण्याची) चूक झाकणे हा माझ्या मते क्वेरी लिहिण्यातला सर्वांत महागात पडणारा आडमार्ग आहे, कारण चुकीचे उत्तर पुष्कळ दिवस बरोबर दिसत राहते.

यावरचा उपाय एकच आहे: प्रत्येक बाजूची बेरीज आधी ऑर्डरनिहाय करावी आणि मग त्या एकेक ओळीच्या निकालांची जोडणी करावी. पोस्टग्रेसमध्ये हे लिहिण्याच्या वाटा अनेक आहेत. विथने नाव दिलेल्या उपक्वेरी आहेत आणि २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून लॅटरल जॉइन आहे, ज्यात आतली क्वेरी बाहेरच्या ओळीकडे पाहून चालते. विथबाबत एक जुनी तक्रार होती. तिच्या आतली क्वेरी प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) वेगळी चालवून तिचा निकाल बाजूला ठेवत असे, त्यामुळे बाहेरची अट आत पोहोचत नसे आणि लाखो ओळी उगाच तयार होत. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून, एकदाच वापरलेली साधी विथ क्वेरी मुख्य क्वेरीत मिसळून घेतली जाते आणि वाचायला सोपे लिहिण्याची शिक्षा भोगावी लागत नाही. प्रत्येक गटातली सर्वांत ताजी ओळ काढायची असेल तर पोस्टग्रेसचे स्वतःचे डिस्टिंक्ट ऑन आहे. ते प्रमाण एस्क्यूएलचा भाग नाही, त्यामुळे क्वेरी दुसऱ्या डेटाबेसवर न्यायची असेल तर विंडो फंक्शनच (गटातल्या ओळींना क्रम देणारी प्रमाण सोय) वापरावे.

नलच्या बाबतीत पोस्टग्रेस प्रमाण एस्क्यूएलच्या वाटेनेच चालतो, म्हणजे त्या वाटेवरचे काटेही त्याच्यात आहेतच. ज्यांची एकही ऑर्डर नाही असे ग्राहक शोधायला नॉट इन लिहिले आणि ऑर्डरच्या टेबलात ग्राहकाच्या कॉलममध्ये एक जरी नल असला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. चूक नाही, इशारा नाही, नुसते रिकामे उत्तर. नॉट एक्झिस्ट्स लिहिले की हा घोळ होत नाही. पण मूळ प्रश्न पुन्हा रचनेकडेच बोट दाखवतो: ऑर्डर ग्राहकाशिवाय असूच शकत नसेल, तर त्या कॉलमला नॉट नल का नव्हते? युनिक कन्स्ट्रेंट दोन नलांना वेगवेगळे मानते, ही अशीच एक जुनी अडचण होती. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत नलांना समान मानण्याचा पर्याय आला, आणि त्यापूर्वी लिहाव्या लागणाऱ्या द्राविडी प्राणायामाची गरज संपली.

आता ज्याच्यासाठी मी पोस्टग्रेसची शिफारस कोणालाही करते ते सांगते: एक्स्प्लेन ॲनालाइझ. क्वेरीपूर्वी हे दोन शब्द लिहिले की प्लॅनरने कोणता मार्ग निवडला, प्रत्येक टप्प्यावर किती ओळींचा अंदाज बांधला होता आणि प्रत्यक्षात किती ओळी मिळाल्या, हे सगळे समोर येते. ते वाचायला शिकणे हे क्वेरी लिहायला शिकण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि वाचण्याची सुरुवात वेळेच्या आकड्यापासून न करता अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातील तफावतीपासून करावी. समजा, १० लाख ओळींच्या टेबलात एका कंपनीच्या १ टक्का ओळी आहेत आणि एका मॉडेलच्या ०.१ टक्का. ते मॉडेल त्याच कंपनीचे असल्यामुळे दोन्ही अटी एकत्र लावल्या तरी १,००० ओळीच मिळणार. प्लॅनरला मात्र हे नाते ठाऊक नसते. तो दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करतो आणि १० ओळींचा अंदाज बांधतो. दहाच ओळी आहेत असे मानून तो नेस्टेड लूप, म्हणजे एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोधण्याची पद्धत, निवडतो, आणि तो लूप शंभरपट फिरतो. क्वेरी आज अचानक का अडकली याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

यावर क्रिएट स्टॅटिस्टिक्स हा उपाय २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. या दोन कॉलमांमध्ये संबंध आहे असे त्या आदेशाने सांगायचे, आकडेवारी गोळा करणारे ॲनालाइझ चालवायचे, आणि अंदाज ताळ्यावर येतो. क्वेरीतले एक अक्षरही बदलावे लागत नाही. ही आकडेवारी एकाच टेबलातल्या कॉलमांपुरती चालते, दोन टेबलांच्या आरपार असलेले नाते तिच्यात मांडता येत नाही, ही तिची मर्यादा मला अनेकदा जाणवली आहे.

प्लॅन वाचताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. प्रत्येक टप्प्यापुढचा वेळ आणि ओळींची संख्या ही एका फेरीची सरासरी असते. शेजारी लूप्सचा आकडा असतो आणि त्याने गुणल्याशिवाय खरा खर्च कळत नाही. ०.०२ मिलिसेकंदाचा टप्पा निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या ५०,००० फेऱ्या झाल्या असतील तर पूर्ण १ सेकंद तेथेच गेलेला असतो. नवख्या माणसाला हे सुरुवातीलाच सांगणारे कोणी भेटले तर त्याचे बरेच दिवस वाचतील.

माझे असेच काही तास एका साध्या डिलीटने खाल्ले होते. मुख्य टेबलातल्या काही हजार जुन्या ओळी काढायच्या होत्या, ज्या ओळींवर कोणाचाही संदर्भ उरला नव्हता, आणि क्वेरीतली अट प्रायमरी कीवरच (ओळीची एकमेव ओळख असलेल्या कॉलमवर) होती. तरीही ती संपता संपेना. मी अट बदलून पाहिली, ओळी थोड्या थोड्या करून काढून पाहिल्या, यंत्रावरचा भार तपासला. शेवटी व्यवहार सुरू करून एक्स्प्लेन ॲनालाइझसह तीच डिलीट शंभर ओळींपुरती चालवली आणि मग व्यवहार मागे घेतला. ही काळजी आवश्यक आहे, कारण एक्स्प्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखरच चालवते. प्लॅनमध्ये ओळी शोधण्याचा आणि काढण्याचा वेळ नगण्य होता. सगळा वेळ खाली, एका फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी संदर्भ जुळवणाऱ्या नियमाच्या) ट्रिगरच्या, म्हणजे बदलाबरोबर आपोआप चालणाऱ्या कामाच्या, नावासमोर नोंदला होता. आश्रित टेबलातल्या त्या कॉलमवर मी इंडेक्स केलेला नव्हता, त्यामुळे काढल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीमागे पोस्टग्रेस ते सबंध मोठे टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळत होता. इंडेक्स तयार केला आणि तीच डिलीट काही क्षणांत झाली.

प्रायमरी की आणि युनिक यांच्यासाठी पोस्टग्रेस इंडेक्स आपोआप करतो, पण फॉरेन कीच्या संदर्भ देणाऱ्या कॉलमवर तो करत नाही. प्रत्येक वेळी तो लागतोच असे नाही, म्हणून निर्णय वापरणाऱ्यावर सोडला आहे, आणि हे धोरण मला तत्त्वतः पटते. पण फॉरेन की तयार होताना एक सूचनेची ओळ तरी छापली जावी असे मला मनापासून वाटते.

रचना बदलण्याच्या कामात पोस्टग्रेसचा एक गुण असा आहे की त्याची सवय झाली की दुसरीकडे हात आखडतो: टेबलाच्या व्याख्येतले बहुतेक सगळे बदलही व्यवहाराच्या आत करता येतात. एका टेबलाची दोन करायची, माहिती हलवायची, नवी फॉरेन की लावायची आणि जुने कॉलम काढायचे, हे सारे एका व्यवहारात करून शेवटच्या पायरीवर एखादी अनाथ ओळ सापडली, तर रोलबॅकने सगळे पूर्ववत होते. मोठ्या टेबलावर फॉरेन की आधी न तपासता लावावी आणि जुन्या ओळींची पडताळणी नंतर वेगळी करावी, ही सोयही आहे, त्यामुळे चालू काम फार वेळ खोळंबत नाही.

उणिवा आहेत, आणि माझा मुख्य मुद्दा रचनेचा असल्यामुळे पहिली उणीवही त्याच बाजूची सांगते. चेक कन्स्ट्रेंट फक्त स्वतःच्या ओळीपुरते पाहते. त्यात उपक्वेरी चालत नाही. प्रत्येक वर्गात किमान एक शिक्षक असलाच पाहिजे, असा अनेक ओळींना किंवा दोन टेबलांना कवेत घेणारा नियम लिहायचा तर प्रमाण एस्क्यूएलमध्ये असर्शन नावाची तरतूद १९९२ पासून आहे, पण पोस्टग्रेसमध्ये ती नाही. मग ट्रिगर लिहावे लागतात, आणि दोन व्यवहार एकाच वेळी चालले असता ते ट्रिगर बरोबर वागतील याची खात्री स्वतःच करून घ्यावी लागते. सिरियलायझेबल पातळी (व्यवहार एकामागून एक चालल्यासारखाच निकाल देणारी) येथे मदतीला येते, मात्र नाकारलेला व्यवहार पुन्हा चालवण्याची तयारी प्रोग्राममध्ये ठेवावी लागते.

दुसरी उणीव साठवणुकीच्या पद्धतीची आहे. ओळ बदलली की पोस्टग्रेस तिची नवी प्रत लिहितो आणि जुनी प्रत टेबलातच राहते. ती व्हॅक्यूम नंतर साफ करतो. हे काम आपोआप होते, पण कोणी एखादा व्यवहार उघडून तसाच सोडून दिला तर त्यानंतर मृत झालेल्या प्रती काढता येत नाहीत आणि टेबल फुगत जाते. सतत बदलणाऱ्या टेबलांवर लक्ष ठेवावेच लागते. प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस उभी राहते, म्हणून जोडण्या खूप असतील तर पुढे पूलर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटणारा मध्यस्थ) लागतो. एनम (ठरलेल्या किमतींची यादी) प्रकारात नवी किंमत घालता येते पण असलेली काढता येत नाही, म्हणून बदलत राहणाऱ्या याद्यांसाठी मी साधे संदर्भ-टेबल आणि फॉरेन की यांनाच पसंती देते.

जेसॉनबी या, मोकळ्या रचनेची माहिती एकाच कॉलममध्ये साठवणाऱ्या, प्रकाराविषयी मात्र सावधगिरीचा शब्द सांगितलाच पाहिजे, कारण २०१४ मध्ये तो आल्यापासून रचनेचा कंटाळा करणाऱ्यांना तो आयती पळवाट वाटू लागला आहे. ज्या माहितीचे स्वरूप खरोखरच आधी ठरवता येत नाही तिच्यासाठी तो उत्तम आहे. पण ज्या गोष्टीवर रोज अट लावायची, जोडणी करायची किंवा बेरीज घ्यायची, ती जेसॉनबीच्या पोटात ठेवली की तिच्यावर फॉरेन की लावता येत नाही, नॉट नल लावता येत नाही, आणि आतल्या किमतींची आकडेवारी प्लॅनर आपणहून गोळा करत नसल्याने अंदाजही बिघडतात. एक्स्प्लेनमध्ये अंदाजाची मोठी तफावत दिसली आणि अटीत जेसॉनबी असेल, तर माझा पहिला सल्ला तो भाग वेगळ्या कॉलममध्ये काढण्याचाच असतो.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याची अधिकृत मार्गदर्शिका हा या उत्पादनाचा मोठा आधार आहे; प्रत्येक आवृत्तीची वेगळी मार्गदर्शिका असते आणि कोणती गोष्ट चालत नाही हेही तिच्यात सरळ लिहिलेले असते. दरवर्षी साधारणपणे एक मुख्य आवृत्ती येते आणि तिला ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे रचनेचे निर्णय घेताना पुढचा काळ नजरेसमोर ठेवता येतो.

२०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीने खोलीच्या आरक्षणाची रचना आणखी सोपी केली. कालावधी एकमेकांवर चढणार नाहीत ही अट आता प्रायमरी कीच्या व्याख्येतच लिहिता येते, आणि आश्रित टेबलाचा कालावधी मूळ टेबलाच्या कालावधीत पूर्णपणे सामावला पाहिजे, अशी फॉरेन कीही लावता येते. मी माझ्या जुन्या व्याख्या त्याप्रमाणे बदलून पाहिल्या. अशा प्रायमरी कीमध्ये रिकामी रेंज नाकारली जाते आणि नलही चालत नाही, त्यामुळे वर सांगितलेली चेकची आणि नॉट नलची जोड वेगळी द्यावी लागत नाही. खोलीच्या क्रमांकासाठी बी-ट्री-जिस्ट मात्र अजून लागतेच, आणि दहा ते एक या आरक्षणातला अकरा ते बाराचा तुकडा तेवढा सोडायचा असेल तर या आवृत्तीतही जुनी ओळ आखूड करून दुसरी नवी ओळ हातानेच लिहावी लागते.